रिकामा डबा कसा द्यायचा?

दुसऱ्यांच्या घरात ‘डबा’ हा शब्द किती सुखानं राहतो! डबा भर, डबा आण, डब्यातला एक लाडू काढून दे. आमच्या कामरगावच्या घरात तो शब्द नेहमी प्रश्नचिन्ह घेऊनच यायचा. डब्बा कोनाले देल्ला? कोनाच्या हाती धाडला? वापस आला का? झाकन तेच हाये का? या शेवटच्या प्रश्नाला आई स्वतःच उत्तर शोधायची. झाकण लावायची, काढायची, पुन्हा लावायची आणि कान देऊन ऐकायची. आपल्या झाकणाचा आवाज तिला पाठ होता.

परत आलेल्या डब्यात काय आलंय हे ती नंतर बघायची. आधी त्यात नाक घालायची, मधल्या काळात त्यात काय ठेवलं होतं ते कळावं म्हणून. “लसून,” ती जाहीर करायची. “माह्या साखरेच्या डब्ब्यात लसून ठुला होता तिनं.” ती कोण, हे विचारायची सोय नव्हती, कारण मग नाव घेऊन सगळं सुरू झालं असतं. आमच्या घरातल्या वाटीपासून झाऱ्यापर्यंत प्रत्येक भांड्यावर तिचं नाव ठोकलेलं होतं. भांड्यांच्या दुकानातला माणूस बारीक खिळ्यानं टिंबं टिंबं ठोकत नाव टाकायचा आणि आई समोर बसून एकेक टिंब तपासायची. लग्नकार्याला भांडी द्यायची वेळ आली की नावावर विश्वास नाही म्हणून ती कडीला लाल दोराही बांधायची. मी याच बाईची लेक आहे. त्यामुळे यंदाच्या हिवाळ्यात आमची जुनी शेजारीण मंजुळामावशी हिच्या स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर, आमचा कडीचा पितळी डबा मला दिसला, तेव्हा माझ्या मनात पहिला शब्द कोणता आला असेल ते सांगायला नको. सापडली!

मी अकोल्याला असते. आईकडे चार दिवस राहायला आले होते आणि सकाळी पाय मोकळे करायला गावाबाहेर गेले होते. थंडी होती. मंजुळामावशीचा मळा रस्त्याला लागूनच आहे आणि त्या अंगाला गेलं की आधी सांबाराचा वास येतो. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. सुमनताई, मावशीची थोरली लेक, बांधावर बसून सांबाराच्या जुड्या बांधत होती. नवरा गेल्यापासून ती इथंच असते, असं ऐकलं होतं. मला बघून तिनं हात वर केला.

“ये वं, च्या घे.”

काम असल्याशिवाय चहाला कोण बोलावतं, असं माझ्या मनात आलंच. तरी गेले. काम काय आहे ते बघावं म्हणून गेले, असं म्हटलं तरी चालेल.

डबा आमचाच होता, यात शंका नव्हती. पोटाला डाव्या बाजूला चेपलेला. आई लग्नानंतर पहिल्यांदा सासरी यायला निघाली तेव्हा अनसिंगच्या एसटी स्टँडवर, गाडीत चढताना, तो तिच्या हातून निसटून खाली पडला होता. त्यातल्या माहेरच्या करंज्या फलाटावर पसरल्या आणि आई गाडी सुटेपर्यंत त्या वेचत बसली, असं वडील चिडवायचे. आई म्हणायची, करंज्या नाही, मी झाकण शोधत होते.

तेव्हा मंजुळामावशीचं घर गावात होतं, आमच्या भिंतीला भिंत लावून. ती आणि आई एकाच साली नांदायला आलेल्या. आई सगळ्या गावावर संशय घ्यायची, पण मंजुळामावशीला त्यातून सूट होती. तिच्याकडे गेलेल्या डब्याला लाल दोरा नसायचा, आलेल्या डब्याचा वास घेतला जात नसे. तो पितळी डबा वर्षभर त्या दोन चुलींमध्ये हेलपाटे घालायचा. आखाडात तळणाच्या पुऱ्या जायच्या, गव्हाच्या चिकाचा गरम घाटा यायचा. संक्रांतीला तिळाच्या वड्या जायच्या, त्यांच्या मळ्यातली गाजरं किसून केलेला हलवा यायचा. उन्हाळ्यात काडीवर वळलेले कणकेचे सरगुंडे आणि शेवया. रिकामा डबा कधीच परत यायचा नाही, कारण रिकामा डबा परत द्यायचाच नसतो. काहीच नसलं घरात तर चिमूटभर साखर, गुळाचा खडा. तेही नसलं तर डबा थांबतो. म्हणून त्या दोघींमध्ये देवाणघेवाण संपायचीच नाही. डबा ज्या घरात असेल त्या घरावर पुढची पाळी.

भुलाबाईच्या दिवसांत तर तो आम्हा पोरींचाच असायचा. संध्याकाळी एकेकीच्या दारात गाणी म्हणून झाली की झाकलेला खाऊ मध्ये यायचा आणि तो ओळखल्याशिवाय मिळायचा नाही. डबा कानाशी धरून हलवायचा. फुटाणे खडखड वाजतात, मुरमुरे सळसळतात, खोबऱ्याचे तुकडे थांबून थांबून आपटतात. आमच्या पितळी डब्याची कडी इतकी घट्ट बसायची की वास बाहेर येत नसे, म्हणून पोरी वैतागायच्या. मंजुळामावशीची धाकटी सुनंदा माझ्या वर्गात होती. ती मात्र तो हातात घेऊन, डोळे मिटून, एका झटक्यात सांगायची. तिला आमच्या घरून कोणी आधी फोडून सांगतं, असा माझा पक्का समज होता. अजूनही आहे.

आणि कल्हई! वर्षातून एकदा कल्हईवाला यायचा, लिंबाखाली खड्डा खणून भाता लावायचा. नवसागराचा पांढरा धूर नाकात झोंबायचा, कापसाचा बोळा गरकन फिरायचा, आणि काळपट पितळेच्या पोटात एकदम चांदणं पडायचं. आई खुर्ची टाकून समोर बसायची, कथील कमी लावेल म्हणून. मंजुळामावशी तिच्या शेजारी बसून हसायची. “इंदू, त्याच्या हातावर बी नाव ठोकून घे ना एकदा.”

सुमनताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हाही थंडीच होती. आईनं लाडू केले. डिंक तुपात फुलतानाचा आवाज, खारकेची पूड, खोबरं भाजल्याचा वास, आणि या सगळ्याच्या खालून येणारा मेथीचा कडसर वास. तो वास आमच्या घराच्या पांघरुणांतसुद्धा शिरला होता. बाळंतिणीचे लाडू कोणाच्याही हातचे चालत नाहीत. मंजुळामावशीनं स्वतः येऊन आईला सांगितलं होतं, सुमनचे लाडू तूच कर. बाळ झालं त्याच दिवशी डबा भरून गेला. असा गेलेला डबा बारशाला परत येतो, साखरेनं भरून.

बारसं झालं नाही. बाळ त्याआधीच गेलं. कशानं, ते आम्हा पोरींना कोणी सांगितलं नाही, आणि पुढं मीही कधी विचारलं नाही. त्या दिवसांतलं मला एवढंच आठवतं की भिंतीपलीकडून पाट्या-वरवंट्याचा आवाज येत नव्हता, आणि आमच्या घरातही आई भांडी हळू ठेवत होती.

मग दिवस गेले, सुमनताई सासरी परत गेली, पलीकडून आवाज यायला लागले. डबा काही आला नाही. बाळंतिणीचा डबा मागायचा नसतो, तेव्हा आई मागणार नव्हती. पण रोज दिवेलागणीला ती फळीकडे बघायची. मला वाटायचं, हिला पितळेचं वाईट वाटतंय. एकदा ती वडिलांशी बोलत होती ते मी ऐकलं.

“डब्ब्याचं नाही हो. तिच्या मनात काय हाये ते मले पाह्यजे. मेथी जास्त पडली होती माह्या हातून. आईच्या दुधातून लेकराले बाधलं असन, असं त नाही वाटून राह्यलं तिले?”

“ती असं म्हणाली का?”

“म्हणत नाही म्हणून त. म्हटलं असतं त भांडली असती मी.”

तर हे होतं. आईला डबा नको होता, तिला निर्दोष सुटायचं होतं. आणि ज्या एका घरावर तिनं कधी संशय घेतला नव्हता, त्याच घराचा आपल्यावर संशय आहे, या कल्पनेनं तिला ग्रासलं. मग तिला सगळीकडे खुणा दिसायला लागल्या. मंजुळामावशीनं संक्रांतीला वाण दुसऱ्या ताटलीतून दिलं, म्हणजे मुद्दाम. पोळ्याला आली नाही, म्हणजे मुद्दाम. नंतर एकदा आली आणि पाणी पिऊन गेली, भजं खाल्लं नाही, म्हणजे तेही मुद्दाम. “पाह्यलं? माह्या हातचं खात नाही ते.”

त्यात शाळेत ते वाक्य घडलं. गुरुजी फळ्यावर एकेक शब्द लिहायचे आणि आम्ही उभं राहून वाक्यात उपयोग करायचा. त्या दिवशी शब्द आला ‘डबा’. कोणी म्हणालं, बाबा डबा घेऊन वावरात जातात. कोणी म्हणालं, डब्यात गूळ आहे. सुनंदा उभी राहिली आणि म्हणाली, “आमच्या घरी एक डबा आहे, त्याला कोणी हात लावत नाही.” गुरुजी म्हणाले, “बरोबर. बस.” त्यांच्या लेखी त्यात कर्ता होता, क्रियापद होतं, चूक काहीच नव्हती. मी ते वाक्य जसंच्या तसं घरी नेलं. आई कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

“हात लावत नाही म्हणे?”

“हो.”

“माह्या डब्ब्याले?” तिनं परात बाजूला सारली. मग म्हणाली, “बाप्पा! इख ठुल्यासारखं.”

त्यानंतर आईनं बाळंतिणीचे लाडू कोणासाठीच केले नाहीत. भावजयीसाठी नाही, पुढं माझ्यासाठीही नाही. माझ्या दोन्ही वेळेला तिनं बाजारातून आणले, तेही वास घेऊन, तिथल्या तिथं एक फोडून बघून. मला तेव्हा राग आला होता. दुसऱ्यांच्या आया रात्रंदिवस खपतात आणि ही विकतचा पुडा हातात ठेवते! ती एवढंच म्हणाली, “माह्या हाताले आता भरोसा नाही.”

मंजुळामावशीचं बिऱ्हाड पुढं मळ्यात गेलं. बोलणं बंद पडलं असं म्हणता येणार नाही. बाजारात भेटल्या की दोघी पावसाचं बोलायच्या, लेकरांचं विचारायच्या. पण आई तिच्या दुकानावरून सांबार घ्यायची नाही आणि मावशीही तिला हाक मारायची नाही. दोन बायका समोरासमोर उभ्या, आणि मध्ये तो डबा. इतकी वर्षं.

तर त्या सकाळी मी चहाचा कप हातात धरून फळीकडे बघत होते. डबा लखलखत होता. वापरतात वाटतं रोज, मी मनात म्हटलं. चिंचेनं घासतात. मंजुळामावशी बाहेर उन्हात बाजेवर बसली होती, तिला आता नीट दिसत नाही. मी आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं.

“सुमनताई, तो डबा आमचा ना गं?”

मला वाटलं, ती दचकेल. ती दचकली नाही. तिनं फडक्याला हात पुसले, फळीवरून डबा काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. तळाला आईचं नाव होतं, एकेक टिंब शाबूत.

“तुमचाच हाये. कवा मांगसान म्हणून वाट पाहून राह्यलो.”

मी कडी उघडली. जोर लावावा लागला, तसाच. आत काही नव्हतं. वासही नव्हता, मी नाक घालून बघितलं. कल्हई मात्र नवी होती. “कल्हई तर ताजी आहे,” मी म्हणाले, आणि माझा आवाज मला हुबेहूब आईचा वाटला.

“करून आनतो ना दरसाली. गावात आता कोनी येत नाही, कारंज्याले न्या लागते. पडून राह्यलेलं पितळ कळकते वं. इंदूकाकूले तसा कसा द्याचा?”

बाहेरून मंजुळामावशी बोलली. तिला दिसत नसलं तरी ऐकू चांगलं येतं. “माय, तूच सांग. तो डब्बा बारशाले साखर घालून द्याचा होता. बारसंच नाही, त साखर कशाची घालू? अन् रिकामा देल्ला असता, त माह्या घरचं रिकामपन तुमच्या घरी गेलं असतं. तुमी पोट्टे तवा लहान होते. मी म्हटलं, राहू दे अथीच. मंग इंदूनंही मांगला नाही. मले वाटलं, अशा घरातून आलेला डब्बा तिले आता नोको असन.”

इतक्या वर्षांत आमच्या घरात त्या न आलेल्या डब्याचे शेकडो अर्थ लावले गेले होते आणि हा एक कोणाला सुचला नव्हता. तरी आईचा प्रश्न उरलाच होता. तो विचारल्याशिवाय मला उठता येत नव्हतं.

“सुमनताई, त्यातले लाडू... ते टाकून दिले का गं तुम्ही?”

“टाकून?” ती माझ्याकडे बघतच राहिली. “आई देऊन टाकून राह्यली होती कोनाले. मी दिऊ देल्ले नाही. सगळे मीच खाल्ले. दूध आटाले काढा देत होते, इखावानी कडू. तो पेला की एक लाडू घ्याची. तळाचा चुरा बी बोटानं पुसून खाल्ला.” ती थोडी हसली. “तवा घरात तेवढंच गोड होतं.”

मग ती उठली आणि कोपऱ्यातल्या पोत्यातून ओंजळीनं धने काढून डब्यात भरायला लागली. बियाणाचे धने, पुढच्या सांबारासाठी राखलेले. भरता भरता म्हणाली, “आता मीच म्हातारी होऊन राह्यली. आता कायचं बारसं न् कायची साखर. ने, माह्या हातचे धने हायेत म्हना.”

घरी येताना मी डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. रस्त्यात मला तीन-चार संशय आलेच, सवयच आहे. हे आजच ठरवून सांगितलं नसेल कशावरून? पण तो जड डबा चालताना आतून सळसळत होता आणि त्या आवाजापुढं माझे संशय फार टिकले नाहीत.

आई अंगणात तूर निवडत होती. डबा बघितला आणि तिनं सूप खाली ठेवलं. हात पुढं केला नाही.

“कोनं देल्ला?”

“सुमनताईनं.”

“तू मांगला काय?” तिच्या आवाजात धार आली. “माह्या नावानं मांगला?”

मी डबा तिच्यासमोर ठेवला. मग तिनं तो उचलला, कानाशी नेला आणि हलवला. भुलाबाईतल्या पोरीसारखी, डोळे मिटून. “धने,” ती म्हणाली. उलटा करून नाव बघितलं. चेपलेल्या जागेवर अंगठा फिरवला. कडी उघडून धने बाजूला सारले आणि आत बोट घासलं.

“कल्हई ताजी हाये. वापरत होते.”

“नव्हते वापरत. दरवर्षी कारंज्याला नेऊन करून आणतात. डबा कळकू नये म्हणून.”

“अन् देल्ला काहून नाही मंग?”

मी सांगितलं. साखरेचं सांगितलं, रिकामपणाचं सांगितलं. ती ऐकत होती, पण चेहरा तसाच होता. वकिलासारखी प्रत्येक शब्द तपासत होती. मग मी म्हणाले, “आई, लाडू सुमनताईनं सगळे खाल्ले. बाळ गेल्यावर. कोणाला देऊ दिले नाहीत.”

“सगळे?”

“तळाचा चुरासुद्धा.”

“मेथी जास्त होती वं त्याच्यात.” तिचा आवाज एकदम बारीक झाला. “कडू नाही लागले तिले?”

“म्हणाली, तेव्हा घरात तेवढंच गोड होतं.”

आई रडली. तिला मी वडील गेले तेव्हा रडताना बघितलं होतं, त्यानंतर नाही. धन्यांवर तिचे थेंब पडत होते. मी डबा बाजूला घेऊ लागले तर तिनं तो सोडला नाही. मी तिच्या शेजारी बसले. मलाही रडू आलं. माझ्या बाळंतपणातले ते विकतचे लाडू आठवून आलं असेल, किंवा सुमनताईचं ते चुरा पुसणारं बोट डोळ्यांसमोर आलं म्हणून.

तिसऱ्या दिवशी मी निघणार होते. पहाटे डिंक फुलण्याच्या आवाजानं जाग आली. आधी वाटलं, स्वप्नातच आहे. मग मेथीचा वास आला, कडसर, पांघरुणातसुद्धा शिरणारा. पुन्हा झोप लागली. उठून अंघोळ करून स्वयंपाकघरात गेले तर चूल निवलेली, कढई घासून उपडी घातलेली. धने एका स्टीलच्या भांड्यात काढून ठेवलेले. ताटलीत माझ्यासाठी लाडू होते. फळीवर डबा नव्हता.

आई दारातून आत आली, पायाला बांधावरचा ओला चिखल. मी सवयीनं विचारलं, तिनंच लावलेली सवय.

“आई, डबा कुठं गेला?”

“सुमनले देऊन आली.”

“दोरा बांधला का?”

“नाही.”

“मग परत कधी येणार?”

तिनं दाराशी पाय धुतले, पदरानं हात पुसले आणि माझ्या ताटलीतला एक लाडू फोडून आधी स्वतःच्या तोंडात टाकला.

“येईन तवा येईन,” ती म्हणाली. “तुले काहून घाई हाये?”